किरिहारांचं दोन दारांचं घर

बॉबलिंगेन,
१८ मे २०२५

शुभदावहिनींना मोहनचा नमस्कार.

खुशाली आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निर्धास्तपणे पुढचं वाचाल. तब्येत ठीक आहे. इथले रस्ते चढउताराचे, त्यामुळे गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेतो. मीनल मजेत आहे. जावईबापू कंपनीच्या कामासाठी चीनला गेलेत. स्पृहा आता तेरा वर्षांची झाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. पहिल्या दिवशी मी विचारलं, "जेवलीस का गं?" तर म्हणाली, "जा, ओपा." आल्या आल्या नात मला हाकलतेय असंच वाटलं. इथे 'जा' म्हणजे 'हो' आणि 'ओपा' म्हणजे आजोबा, हे मीनलनं नंतर हसत हसत सांगितलं.

फोन असताना पत्र कशाला, असं मीनल विचारते. निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "भावजी, फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं करता. तिथून पत्र लिहा. काय पाहिलंत ते लिहा." म्हणून हा खटाटोप. पोस्टातल्या बाईनं पाकिटावरचं 'पुणे' वाचून माझ्याकडे असं पाहिलं, की मी कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून आणलीय की काय!

मीनलनं माझ्यासाठी एक खोली तयार केली आहे. नवे पडदे, उशाशी वाचायचा दिवा, भिंतीवर तिच्या आईचा, सुलेखाचा, तो महाबळेश्वरचा फोटो. माझा व्हिसा जुलैअखेरपर्यंतचा आहे, पण खोलीकडे पाहिलं की वाटतं, ही काही जुलैपुरती केलेली नाही. "एका वकिलाशी बोलले आहे बाबा, काहीतरी मार्ग निघेल," असं ती परवा भाजी चिरता चिरता म्हणाली. मी "बघू" म्हणालो.

आता तुमच्या कामाचं. तुमच्याकडच्या त्या जाड पुस्तकातली, जपानी वास्तुविशारद किरिहारांची इमारत मी पाहून आलो. तुम्ही पुस्तक माझ्यापुढे उघडं धरून म्हणाला होतात, "इतकी रिकामी खोली मी कधी पाहिली नाही, आणि तरी तिथे कुणीतरी आहे असं वाटतं." मी तेव्हा फोटोत फक्त काँक्रीट ओतताना लावलेल्या शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा पाहत होतो. चाळीस वर्षं धरणाच्या कामावर काढलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार!

मीनलला हायडेलबर्गला एका मैत्रिणीकडे जायचं होतं. वाटेवर नेकर नदीच्या वरच्या अंगाला द्राक्षांचे मळे लागतात, त्या उतारावर ही इमारत आहे. आहे म्हणजे, सहज दिसत नाही. एक लांब भिंत दिसते. तिच्या कडेकडेनं उतरत जायचं. दार कुठे आहे ते कळत नाही, आणि थोडं चालल्यावर दार हवं आहे हेही विसरायला होतं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मागे पडतो. मग भिंत वळते, आपण वळतो, आणि आत आलेलो असतो.

आत एकच मोठी खोली. देऊळ नाही, चर्च नाही, संग्रहालयही नाही. लोक येतात आणि बसतात. चारही बाजूंना उघडं काँक्रीट. वहिनी, मी भिंतीवरून हात फिरवला. कुठे खडी उघडी पडलेली नाही, कुठे ओघळ नाही. आमच्याकडे फळ्या काढल्या की पहिला प्रश्न असायचा, गिलावा कधी करायचा? इथे गिलावा करणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पावडर थापण्यासारखं झालं असतं. छत एका बाजूला भिंतीला टेकलेलंच नाही. तिथे बोटभर फट आहे आणि तिच्यातून उन्हाचा एक पट्टा भिंतीवर उतरतो. तो सरकतो, पण सरकताना दिसत नाही. आपण दुसरीकडे पाहून परत पाहिलं की तो थोडा खाली आलेला असतो.

मी बाकावर बसलो. मग काय झालं कुणास ठाऊक, ती भिंत ओली दिसायला लागली. मी आपल्या धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, त्या गॅलरीत होतो. तोच गारवा, तेच ठिबकणं. पुढे तुम्ही चालत होतात, उजवा हात भिंतीला लावून. तुम्ही काहीतरी बोलत होतात, पण आवाज भिंतींवर आपटून इतका पसरत होता की शब्द लागत नव्हते. मला घाई नव्हती. पुढे गेल्यावर लागतील, असं वाटत होतं.

"बाबा, घोरताय," मीनल कानाशी म्हणाली.

तुम्हाला आठवतं का? कॉलनीत राहायला आल्यावर श्रीरंगनं आणि मी आपापल्या बायकांना, म्हणजे तुम्हा दोघींना, गॅलरी दाखवायला नेलं होतं आणि मध्येच दिवे गेले. सुलेखानं माझा दंड असा आवळला की वळ उठले. श्रीरंग ऑपरेटरला हाका मारत सुटला. आणि तुम्ही काळोखात शांतपणे म्हणालात, "किती छान गार आहे ही भिंत." बस, एवढंच. इतक्या वर्षांत हे मी कुणाला बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मीनलला "चांगलं स्वप्न पडलं" एवढंच सांगितलं. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालता ना? मोगऱ्याला जास्त नको.

आपला,
मो. वि. खांबेटे
(सेवानिवृत्त, आणि इथे तर साफ बिनकामाचा)


बॉबलिंगेन,
१४ जून २०२५

शुभदावहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र आलं. पाकिटाच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीनं काढलेला बुलबुल स्पृहानं कापून तिच्या टेबलापाशी चिकटवला. मी परवानगी दिली, पण मनातून दिली नाही.

आई एकटी नको म्हणून हृषिकेश तुम्हाला बंगळुरूला कायमचं बोलावतो आहे आणि पुण्याचं घर काढून टाकू म्हणतो आहे, हे वाचलं. "भावजी, तुमचं मत कळवा, मला तुमच्याइतकं नीट सांगणारं दुसरं कुणी नाही," असं तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल लिहितोच. आधी किरिहारांचं सांगतो, नाहीतर विसरून जाईन.

स्पृहाला सध्या सुट्टी आहे. ती दिवसभर पलंगावर पडून मोबाइल बघते म्हणून मीनल वैतागली आणि म्हणाली, "बाबा, हिला कुठेतरी घेऊन जा." खरं तर कोण कुणाला घेऊन जाणार हे उघड होतं. एस-बान या लोकलनं स्टुटगार्ट, तिथून दुसरी गाडी, मग मळ्यांतून चढण. स्पृहा पुढे, मी मागे. पोचतो तो भिंतीच्या वळणाशी साखळी आणि पाटी, आज बंद. माझा चेहरा पाहून स्पृहा म्हणाली, "आल्झो, ओपा, थांब," आणि भिंतीच्या मागच्या बाजूला गेली. 'आल्झो' म्हणजे 'बरं तर', पण हे 'थांब' मराठीतलं होतं.

मागे एक लहानसं अंगण आहे. तिथे एक म्हातारे गृहस्थ खराट्यानं पानं झाडत होते. सुती विजार, पायात लाकडी चपला. स्पृहानं काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवून आम्हाला आत घेतलं. मी सवयीनं भिंतीला हात लावला. ते झाडायचं थांबले आणि माझ्याकडे बघत स्पृहाला काहीतरी म्हणाले.

"ते विचारतात, तुम्ही बांधकामवाले का?" स्पृहा म्हणाली. "ते म्हणतात, भिंतीला असा हात फक्त लहान मुलं लावतात आणि बांधकामवाले."

आणि मग माझ्या बाहीला ओढून हळूच, "ओपा, तोच आहे हा. मी फोटो बघितलाय मोबाइलवर. तुमच्या पुस्तकातला."

वहिनी, इसाओ किरिहारा माझ्यासमोर खराटा घेऊन उभे होते. तुमच्या पुस्तकात त्यांचा फोटो आहे ना, काळ्या कोटातला, गंभीर? प्रत्यक्षात ते खूप लहानखुरे आहेत, आणि हसले की डोळे मिटतात. मी धरणांवर काम केलंय म्हटल्यावर त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि आम्हाला पायरीवर बसवलं. ते जर्मन बोलत होते आणि स्पृहा मला मराठीत सांगत होती. गेला महिनाभर जिच्या तोंडून मी एक अख्खं मराठी वाक्य ऐकलं नव्हतं, ती पोरगी शब्द शोधत, अडखळत, हात हलवत बोलत होती. मी तिच्याकडे बघू की त्यांच्याकडे, असं झालं.

"ते म्हणतात, ते लहान होते तेव्हा त्यांचं घर कागदाचं होतं. म्हणजे खिडक्या कागदाच्या. वडील त्याच खिडक्या करायचे. तिकडे बर्फ खूप. आणि थंडी... थंडी त्यांच्याकडे राहायला यायची."

मी म्हटलं, "वा!"

"आणि घरात सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. आजोबांचा खोकला. आईचं रडणंपण. म्हणून त्यांना जाड भिंत पाहिजे होती. अशी की पलीकडे कुणी रडलं तर... त्याला नीट रडता येईल."

तरुणपणी ते डोंगरात बोगद्यांच्या कामावर मजूर होते. तिथे पहिल्यांदा काँक्रीट पाहिलं. ओतताना चिखल, दुसऱ्या दिवशी दगड. याचा त्यांना इतका अचंबा वाटला की ते शिकायला थेट स्टुटगार्टला आले. मग परत जाऊन आयुष्यभर बांधत राहिले. घरं, एक वाचनालय, एक स्मशानभूमी. सगळीकडे तेच, कमीत कमी सामान, जाड भिंती, थोडा उजेड. मी विचारलं, इतकं रिकामं का ठेवता? ते बराच वेळ बोलले. स्पृहानं त्याचं एवढंच केलं, "खोलीत खूप काही असलं की माणूस वस्तूंकडे बघतो. काही नसलं की जो आत येईल त्याच्याकडे बघतो."

एवढ्यात घराचं एक दार उघडलं आणि एक उंच, पांढऱ्या केसांची बाई कपड्यांची टोपली घेऊन बाहेर आली. तिनं त्या देखण्या, कोऱ्या भिंतींच्या मध्ये ताणलेल्या दोरीवर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली! मी किरिहारांकडे पाहिलं. ते आकाशाकडे बघत होते.

या लेंझबाई. पूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. किरिहारा शिकायला आले होते तेव्हा या दांपत्याकडे भाड्यानं राहायचे, तेव्हापासूनची ओळख. पंचाहत्तरी उलटल्यावर किरिहारा जपानहून परत आले आणि त्यांनी हे घर बांधलं. पुढची खोली लोकांसाठी, मागे दोन दारांचं घर. एक दार त्यांचं, एक बाईंचं.

त्यांनी आम्हाला स्ट्रॉबेरीचा केक दिला आणि तक्रारी सांगितल्या. या घरात एक खिळा ठोकायला जागा नाही. कपाट मागितलं तर हे म्हणतात, भिंत श्वास घेणार नाही. "पन्नास वर्षं हा माणूस जगाला रिकामं राहायला शिकवतोय," स्पृहा हसत हसत सांगत होती, "आणि ह्याचे बर्फातले बूट माझ्या खोलीत आहेत!"

मग त्यांनी घर दाखवलं. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एकच जाड भिंत आणि तिच्यात जमिनीपासून छतापर्यंत हाताच्या पंजाएवढी फट. सकाळचं ऊन बाईंच्या खोलीत येतं आणि त्या फटीतून किरिहारांच्या जमिनीवर एक लांब रेघ पडते. बाईंनी पडदा बाजूला सारला नाही तर रेघ पडत नाही. मग हे चहा घेऊन त्यांच्या दारापाशी जातात, सगळं ठीक आहे ना ते बघायला. "आधी त्यांनी नुसती भिंतच काढली होती कागदावर," स्पृहा म्हणाली, "मग त्यांना वाटलं, असं फार एकटं होईल."

मी त्या फटीसमोर किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. दुपार होती, रेघ नव्हती. पलीकडच्या खोलीतला टेबलाचा कोपरा दिसत होता आणि त्यावर एक चष्मा.

मग मी स्पृहाला म्हटलं, "त्यांना विचार, गावातले लोक काही म्हणत नाहीत का?"

"ओपा, असं विचारत नाहीत."

"विचार गं."

लेंझबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की भिंतींनी ते हसणं आम्हाला परत ऐकवलं. म्हणाल्या, "गावाला आमच्यापेक्षा काँक्रीटचा राग जास्त आला. ते उरकेपर्यंत आम्ही जुने झालो."

किरिहारांनी मला काहीतरी विचारलं. स्पृहानं मला न सांगताच उत्तर देऊन टाकलं. त्यात मला फक्त 'पुणे' एवढंच कळलं. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. परतीच्या गाडीत मी स्पृहाला खोदून विचारलं, तर म्हणाली, "त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोण आहे? मी म्हटलं, ते एका आजीला पत्रं लिहितात. मोठ्ठी."

पत्र खरंच मोठं झालं. हृषिकेशचं राहूनच गेलं. पुढच्या पत्रात नक्की. तोवर घाईनं काही ठरवू नका.

आपला,
मोहन खांबेटे


बॉबलिंगेन,
१७ जून २०२५

शुभदावहिनी,

माझं आधीचं पत्र अजून वाटेतच असेल, आणि हे त्याच्या पाठोपाठ येतंय. दोन्ही एकाच दिवशी हातात पडली तर आधी ते वाचा.

आम्ही त्या दिवशी घरी आलो तेव्हा मीनलनं पिठलंभात केला होता. स्पृहा बसली, दोन घास खाल्ले आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, ओपांची एक आजी आहे पुण्यात."

आपली मुलगी आपल्याशी मराठीत बोलली, याचा आनंद मीनलच्या चेहऱ्यावर आधी आला. मग वाक्याचा अर्थ पोचला.

"कोण आजी?"

मी पाणी प्यायलो. म्हटलं, "शुभदावहिनींबद्दल बोलतेय ती."

"शुभदाकाकू?" तिनं चमचा खाली ठेवला. "मला चित्रकला शिकवायच्या त्या शुभदाकाकू?"

स्पृहाला काहीतरी चुकलं असं वाटलं आणि ती ताट घेऊन आत गेली. आम्ही दोघंच उरलो.

"बाबा, आईला जाऊन किती दिवस झालेत?"

"तुला माहीत आहे."

"मी ही खोली तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून केली."

"खोली फार चांगली आहे गं."

"मग काय कमी आहे?"

वहिनी, मला बोलायची सवय नाही. सुलेखा असताना बोलायचं खातं तिच्याकडे होतं. पण त्या दिवशी मी बोललो. म्हणालो, "कमी काही नाही. पण दिवसभरात मला काही दिसलं, झाडावर पक्षी, नाहीतर पोस्टातली बाई, की हे कुणाला सांगायचं ते माझ्या मनात आधीच ठरलेलं असतं. पूर्वी तुझ्या आईला सांगायचो. ती ऐकून नुसतं 'हं' म्हणायची, तेवढ्यावर माझं भागायचं. ती गेल्यावर वर्षभर मी काही पाहिलंच नाही. मग हळूहळू परत दिसायला लागलं. आणि दिसायला लागलं तेव्हा कळलं की मी ते शुभदावहिनींसाठी जपून ठेवतोय."

मीनल उठून भांडी घासायला लागली. इथे भांड्यांचं मशीन आहे, तरी ती हातानं घासत होती. मी तिच्या शेजारी उभा राहून पुसून ठेवत होतो. तिचे खांदे हलत होते. कधीतरी ती म्हणाली, "आई मला आठवते तशी तुम्हाला आठवत नाही का?" मी म्हटलं, "रोज आठवते. त्या फोटोत तिच्या पदराला लागलेला स्ट्रॉबेरीचा डागसुद्धा आठवतो, जो फोटोत दिसत नाही." मग ती हातातल्या साबणासकट माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

सकाळी चहाच्या वेळी तिचे डोळे सुजलेले होते. विचारलं, "काकूंना माहीत आहे?"

"नाही."

"अजून सांगितलंच नाहीत?"

"नाही."

"अहो बाबा! मग त्यांना विचारा ना आधी. मला काय सांगत बसलाय!"

म्हणून हे पत्र.

तुम्ही माझं मत विचारलंत. मत द्यायला मी तटस्थ असायला हवा, आणि तसा मी नाही, म्हणून मागच्या पत्रात टाळाटाळ केली. हृषिकेश चांगला मुलगा आहे. त्याच्याकडे तुम्ही सुखात राहाल. हे सगळं खरं असूनही मला तुम्ही बंगळुरूला जायला नको आहात. हा सल्ला नाही. ही माझी इच्छा आहे.

तुमच्या शेजारचा देवधरांचा फ्लॅट दिवाळीपासून रिकामा आहे. मी माझ्या विंगमधून तिथे राहायला येऊ शकतो. दोन दारं राहू देत. तुमचं घर तुमचं, तुमच्या रंगांच्या बाटल्या, तुमचा पसारा, श्रीरंगची आरामखुर्ची, सगळं जागच्या जागी. माझ्याकडे सुलेखाचा फोटो राहील. त्या दोघांना कुठेही हलवायचं नाही. मधली भिंत सोसायटीची आहे, तिला फट पाडता येणार नाही, त्यामुळे दार वाजवावं लागेल. लग्न म्हणायचं, सोबत म्हणायचं, की काहीच म्हणायचं नाही, ते तुम्ही ठरवा. मला नावाची घाई नाही. लोक बोलतील. चौथ्या मजल्यावरच्या त्या भिशी मंडळाला विषय मिळेल. तुम्हाला त्याचा त्रास होईल का, याचाच मी जास्त विचार केला. माझं म्हणाल तर मला लाज वाटेल अशी माझी कल्पना होती, पण शोधली तर सापडत नाही.

श्रीरंग माझा मित्र होता. त्याला हे आवडलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आणि येतं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. तो हसला असता एवढं नक्की. तो कशालाही हसायचा.

तुमचं उत्तर 'नाही' असेल तर तसं सरळ लिहा. तुम्ही चिडून बोलणं सोडलंत तर मला जड जाईल, पण नुसत्या 'नाही'नं काही मोडणार नाही. मी पूर्वीसारखाच येत जाईन, कुंड्यांवरून तुमच्याशी भांडत जाईन. आणि मग वहिनी म्हणत राहीन. आजही पत्राच्या वर तेच लिहिलं आहे, कारण ते बदलायचा अधिकार तुमचा आहे.

मोहन


बॉबलिंगेन,
१३ जुलै २०२५

शुभदा,

तुमचं पत्र बुधवारी आलं. मीनल ऑफिसमधून लवकर आली होती. तिनंच ते पेटीतून काढून माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी फोडायला इतका उशीर लावला की तिनं दारातून दोनदा डोकावून पाहिलं.

"भावजी म्हणणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही," हे वाचलं आणि मला आधी वाटलं, संपलं. पुढची ओळ वाचायला धीर होईना. स्पृहानं खांद्यावरून वाकून वाचायचा प्रयत्न केला, पण तिला तुमची जोडाक्षरं लागेनात. मग मीच मोठ्यानं वाचलं: "मोहनराव, या. देवधरांशी मी बोलले आहे." मीनल आत आली आणि माझ्या शेजारी बसली. स्पृहा म्हणाली, "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर'. हिला काय बरोबर वाटलं देव जाणे.

तुमच्या अटी मान्य आहेत. सकाळचा चहा मी करीन. आयुष्यभर तुम्ही तो दुसऱ्यांसाठी केलात, आता बसून प्या. माझा चहा सुलेखाच्या मते पाणचट असायचा, हे आधीच सांगून ठेवतो. सोसायटीत तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगणार, मी मध्ये बोलायचं नाही, हेही मान्य. हृषिकेशनं दोन दिवस फोनच केला नाही आणि मग त्यानं "काकांना बीपी आहे का?" एवढंच विचारलं, हे वाचून मीनल खूप दिवसांनी खळखळून हसली. त्याला सांगा, आहे, पण गोळी वेळेवर घेतो. त्याचं मन अजून पुरतं वळलेलं नाही असं तुम्ही लिहिलंत. वळू दे सावकाश. त्याचा राग मी अंगावर घेईन, मला त्यात काही कमीपणा नाही.

वकिलाकडची तेरमिन, म्हणजे ठरलेली भेट, मीनलनं रद्द केली. रद्द करताना फोनवर ती जर्मनमध्ये काय बोलली ते मला कळलं नाही, पण फोन ठेवून ती माझ्या खोलीत गेली आणि पडदे सरळ करत बसली. ते सरळच होते. मी दारात उभा राहून म्हटलं, "दरवर्षी येईन गं." ती म्हणाली, "दोघांनी यायचं." मग घाईघाईनं म्हणाली, "मला वेळ लागेल बाबा. पण दोघांनी यायचं."

शाळेला सुट्टी लागते त्याच दिवशी आम्ही तिघं निघतोय. मीनलला तुम्हाला भेटायचं आहे. ती वरून शांत दिसेल, पण घाबरली आहे. तुम्ही तिला ओरडाल अशी तिला भीती, आणि आपणच तुम्हाला काही लागेल असं बोलू, अशी त्याहून मोठी भीती. तुम्ही एक करा. विषय काढू नका. तिला आधी गरम गरम जेवायला वाढा. पोटात दोन घास गेले की ती आपोआप बोलायला लागते, लहानपणापासून तशीच आहे. ती रडली तर मला बाहेर पाठवा. तुम्हा दोघींचं बोलणं मी भिंतीआडूनही ऐकणार नाही.

गेल्या दोन रात्री झोप उत्तम लागते. पहाटे जाग येते तेव्हा काही क्षण आपण कुठे आहोत ते कळत नाही, बॉबलिंगेनला, धरणावरच्या कॉलनीत, की तुमच्या शेजारच्या त्या अजून न पाहिलेल्या खोलीत. पूर्वी असं झालं की मी धडपडून दिवा लावायचो. आता तसाच पडून राहतो.

पत्राच्या शेवटी आयुष्यभर 'आपला' लिहीत आलो. कार्यालयाला, बँकेला, मंत्र्यांना, तुम्हालाही. आज तो शब्द लिहिला, खोडला, आणि त्याच्या जागी जो आला तो तसाच राहू देतो.

तुमचा,
मोहन